माझ्या सीटखालचा तेलाचा डबा

मी एक जुनी जीप आहे. कधी काळी हिरवी होते. आता माझा रंग कोणता म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. तेलगावकडून धारूरचा घाट चढून वर आलं, की पहिलं गाव लागतं ते आमचं. त्या गावात अंगदरावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असते. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी स्वभावानं फार संशयी आहे. माझ्या जवळून कोणी शीळ घालत गेलं तरी मला वाटतं, याच्या मनात काहीतरी आहे. हा गुण मी कारखान्यातून घेऊन आलेले नाही. तो मला मालकांचा लागला. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, अशातली गत.

आमचे अंगदराव राजकारणातले. पंचायत समितीच्या दोन निवडणुका जिंकले आणि तिसरी हरले. आपल्याच माणसांनी पाडलं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं, आणि तेव्हापासून ते ताकसुद्धा फुंकून पितात. कोणी पाया पडलं तर हा आज का पडला, आणि नाही पडलं तर हा का पडला नाही! चहा जरा गोड झाला तरी विचारतात, "आज साखर कावून जास्त?" असा माणूस वर्षानुवर्षं माझ्या पुढच्या सीटवर बसला. मग माझं दुसरं काय होणार?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक साधं डिझेलचं इंजिन बसवलं. ते आपली हवा आपल्याच दमानं ओढतं. जेवढा श्वास घेता येतो तेवढंच काम करतं, आणि दमलं की काळा धूर सोडून सगळ्या घाटाला सांगतं. जोर कमी, पण लपवाछपवी नाही. मला विकत घेतलं ते अंगदरावांच्या वडिलांनी, हरिबांनी. हरिबा म्हणजे सरळ माणूस. त्यांनी मला आणलं, त्याच दिवशी आमच्या घराण्याचा एक नियम तयार झाला, आणि पुढचं सगळं रामायण त्या नियमानंच घडवलं. म्हणून तो आधी सांगते.

घाट जिथे संपतो तिथेच आमच्या गावची वेस आहे, आणि वेशीत मारुती आहे. मी पहिल्यांदा घाट चढून गुरगुरत मारुतीसमोर उभी राहिले, तेव्हा तिथे बांधलेला बैल बुजला. त्यानं दावं तोडलं आणि नैवेद्याचं ताट उधळलं. बायकांनी कपाळाला हात लावला. हरिबांनी तिथल्या तिथे मारुतीच्या पायरीला हात लावून शब्द दिला, "आमच्या घरची कुठलीबी गाडी तुझ्यासमोर आवाज करणार न्हाई." त्या दिवसापासून आमच्या घरची गाडी घाट चढून आली, की पायरीसमोर पहिली किल्ली फिरते. इंजिन बंद होतं, सगळे हात जोडतात, मग गाडी पुन्हा सुरू करून घरी जायचं. हा नियम इतका अंगवळणी पडला, की पुढे आपण काही करतो आहोत हेसुद्धा कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

माझी किल्ली हरिबांनी रामहरीच्या हातात दिली. रामहरी ऊसतोड्यांच्या घरातला. त्याचं बालपण कारखान्यांच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत गेलं. स्टेअरिंगवर हात ठेवला त्या दिवशी तो मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "आता मही लेकरं कोपी बघणार न्हाईत." तो शब्द त्यानं पाळला. त्याचं लग्न झालं, वत्सलाबाई घरात आली, मुलं गावच्याच शाळेत शिकली. दिवाळी झाली की अर्धं गाव टोळ्यांबरोबर ऊस तोडायला जायचं. रामहरीच्या दाराला मात्र कधी कुलूप लागलं नाही.

काय काय नाही वाहिलं मी! सभेचे भोंगे नेले, कापसाची बोचकी नेली, नवऱ्या नेल्या, एकदा तर आजारी वासरू नेलं. चतुर्थीला बायकांना लिंबागणेशला नेलं. भरलेली असले की मी घाटात इतकी सावकाश चालायची, की पोरं मागून उड्या मारून उतरायची, कडेची सीताफळं तोडायची आणि पळत येऊन पुन्हा बसायची. कोणी हसलं तर रामहरी म्हणायचा, "हळू चालती, पण पोचती." त्या शब्दांवर मी वर्षं काढली. अंगदराव शेजारी बसून अडकित्त्यानं सुपारी कातरायचे आणि पहिलं खांड न बघताच रामहरीच्या हातावर ठेवायचे. संशयी माणसाचा एवढाच एक हात डोळे मिटून चालायचा.

माझे पाटे, म्हणजे चाकांवरच्या त्या लोखंडी कमानी, म्हातारपणी फार कुरकुरायला लागले. रामहरीनं एक पत्र्याचा डबा माझ्या सीटखाली ठेवला. इंजिनातून काढलेलं जुनं काळं तेल तो त्यात साठवायचा आणि चिंधी बुडवून पाट्यांना लावायचा. आईनं लेकराच्या डोक्याला तेल लावावं, तसं मला वाटायचं.

मग एक दिवस धाकटी आली.

अंगदरावांचा मुलगा अभिमन्यू तिला घेऊन आला. पांढरीशुभ्र, उंच, काचा काळ्या. शेडमध्ये माझ्या शेजारी उभी राहिली आणि मी ऐकलं, तिच्या पोटातून बारीक शीळ येत होती! मला तिथेच शंका आली. पुढे कळलं, तिच्या इंजिनाला आपल्या दमावर हवा ओढायची सवय नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर एक चिमुकला पंखा गरगर फिरतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो. त्याला टर्बो म्हणतात. ती शीळ त्याची. मी म्हटलं, दुसऱ्याच्या फुंकरीवर पळणाऱ्यांचं काही खरं नसतं.

खोटं कशाला बोलू, धाकटी पळायची मात्र वाऱ्यासारखी. मी ज्या चढाला धापा टाकते, तिथे ती गप्पा मारत जायची. अंगदरावांच्या पत्नी वनमालाबाई यांच्या छातीत एकदा कळ आली, तेव्हा रामहरीनं धाकटीतूनच त्यांना नेऊन अंबाजोगाई गाठली आणि बाई वाचल्या. मी न्यायला असते तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. तरीही माझा तिच्यावरचा डोळा हटला नाही. रोज ती घाट चढून यायची, मारुतीसमोर बंद व्हायची, आणि शेडमध्ये आल्यावर तिच्या पोटातून करपल्याचा वास यायचा. मला वाटायचं, हिच्यात काहीतरी खोट आहे.

एका उन्हाळ्यात, निवडणुकीच्या धामधुमीत, धाकटी घाटात निळा धूर सोडत थांबली. शिळेची किंकाळी झाली आणि जोर गेला. तिला ओढत आणायला मलाच जावं लागलं. त्या दिवशी माझ्यासारखी सुखी मीच! शोरूममधून निरोप आला, की टर्बो गेला आहे, आतल्या तेलाचा जळून कोळसा झाला आहे, तेलाकडे लक्ष ठेवा.

तेलाकडे लक्ष ठेवा! एवढे तीन शब्द अंगदरावांना पुरले. धाकटीचं तेल बदलायचं काम रामहरीचं. ते कार्यकर्त्यांसकट तडक शेडमध्ये आले आणि शोधता शोधता त्यांचा हात माझ्या सीटखाली गेला.

"हे काय हाय?" त्यांनी डबा वर धरला.

"अण्णा, गाडीतून काढलेलं जुनं तेल हाय. जीपच्या पाट्यांना लावतो."

"आन नवं तेल कुठं गेलं?"

"गाडीत घातलं की."

"गाडीत घातलं असतं तर जळालं कावून असतं? नवं विकलंस आन हेच परत वतलंस, असंच ना?"

 तेल का जळालं हे रामहरीलाही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक नसतं त्याला पटकन बोलता येत नाही, आणि संशयी माणसाला तेवढंच पुरतं. मित्रांनो, त्या डब्यातला थेंब न् थेंब माझ्या अंगाला लागला होता. माझ्यावर केलेली माया त्याच्या गळ्याचा फास झाली, आणि मी मुकी! मला इतका संताप आला होता, की माझ्या रेडिएटरचं पाणी उकळलं असतं.

धाकटीची किल्ली अभिमन्यूकडे गेली. रामहरीकडे मी उरले, कडबा आणि पाण्याच्या टाक्या वाहायला. सुपारीचं खांड बंद झालं. गावही कमी नाही. रामहरी पारावरून गेला की कोणीतरी म्हणायचंच, "रामहरी, आमच्या मोटारसायकलीचं तेल तेवढं बघ बे!" लोक हसायचे. तो खाली मान घालून यायचा आणि माझ्या काचेवर फडकं फिरवत राहायचा. काच केव्हाच स्वच्छ झालेली असायची.

दिवाळीनंतर त्यानं माझी किल्लीही वनमालाबाईंच्या हातात नेऊन दिली. "काकू, टोळीसंगं चाललो. चोर म्हणून घेत हितं ऱ्हाण्यापरीस ऊस तोडलेला बरा." बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. अंगदराव अडकित्त्याशी खेळत बसले. ज्या कोपीचं तोंड लेकरांना दाखवणार नाही म्हणाला होता, तिथे रामहरी पोराबाळांसकट निघाला होता.

आणि त्याच आठवड्यात धाकटी पुन्हा निळा धूर सोडत तेलगावात बंद पडली.

आता बघा गंमत. गाडी चालवत होता अभिमन्यू. तेल बदललं होतं शोरूममध्ये, ते अंगदरावांनी स्वतः उभं राहून बघितलं होतं. आता संशय घ्यायचा कोणावर? अंगदरावांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. या खेपेला तेलगावच्या सुग्रीव मिस्त्रीला बोलावलं. त्याचंही आधी हेच मत, की तेलात काहीतरी गडबड आहे. त्यानं टर्बो खोलला, आतली काळी खरपुडी एका कागदात बांधून ठेवली, नवा टर्बो बसवला आणि म्हणाला, "घाट चढवून बघतो, मगच पैक्याचं बोलू." गाडी परत थांबलीच तर ओढायला मागे जीप हवी होती. आता माझी एक खोड आहे, रामहरीशिवाय मी कोणाच्या हातानं सुरू होत नाही. झक मारत त्याला निरोप गेला. टोळी त्याच दिवशी दुपारी निघणार होती. तो आला. "गाडी वर आणून देतो आन जातो," एवढंच बोलला.

अशी आमची वरात तेलगावातून निघाली. पुढे धाकटीत अभिमन्यू आणि सुग्रीव, मागे मी. अंगदरावांचा धाकटीवर भरवसा उरला नव्हता, म्हणून ते माझ्यात बसले, रामहरीच्या शेजारी.  वळणावर अंगदरावांनी सुपारी कातरली. पहिलं खांड हातात घेतलं, हात जरासा इकडे वळला, थांबला आणि त्यांच्याच तोंडात गेला. रामहरी समोरच्या रस्त्याकडे बघत होता. मला तो घाट इतका लांब कधीच वाटला नव्हता.

शेवटच्या चढाला अभिमन्यूनं नेहमीसारखा जोर लावला. धाकटी शीळ घालत वर गेली. मारुतीसमोर टोळीचा ट्रॅक्टर उभा होता. गाठोडी, कोंबड्या, लेकरं. वत्सलाबाई गाठोड्यावर बसली होती, आमच्याकडे पाठ करून. वनमालाबाई टोळीला नारळ द्यायला आल्या होत्या. अभिमन्यूनं पायरीसमोर खटकन गाडी बंद केली आणि हात जोडले. मी धापा टाकत मागून पोचले, तोवर सुग्रीव खाली उतरून ओरडत होता.

"आवं, बंद कावून केली?"

"मारुती हाय. आमच्यात हितं बंदच करत्यात."

"रोज? असंच घाट चढून आल्या आल्या?"

"रोज. आज्ज्यापासून."

सुग्रीवनं बॉनेट उघडलं आणि डोक्याला हात लावला. "इंजिन थांबलं की तेल थांबतं. आन हा पंखा तर घाट चढून लालबुंद झालेला! आतलं तेल जागच्या जागी करपतंय की." मग इकडे तिकडे बघत म्हणाला, "जरा तेल हाय का कुणाकडं?"

रामहरी माझ्याकडे आला. सीटखालचा डबा काढून त्यानं सुग्रीवपुढे धरला. सुग्रीवनं सगळ्यांना मागे सारलं, पान्याच्या टोकावर एक थेंब घेतला आणि टर्बोच्या तापलेल्या अंगावर लांबूनच सोडला. चर्र झालं, धूर निघाला, आणि थेंबाच्या जागी काळी खरपुडी उरली. त्यानं खिशातला कागद सोडला. तीच खरपुडी, तोच वास. मला तो वास ओळखीचा होता. शेडमध्ये रोज यायचा तोच.

"तवा तसाच तापलेला सोडावा आन वरचं तेल करपावं, तसं हाय हे," वनमालाबाई म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारलं, "मग ह्यात रामहरीनं काय केलतं?"

अंगदराव ते अंगदरावच. त्यांनी डोळे बारीक केले. "सुग्रीव, तुला रामहरीनं तर न्हाई शिकवून पाठवलं?"

"अण्णा, हात जवळ नेऊन बघा की. का तो चटकाबी रामहरीनंच शिकवलाय?"

अंगदरावांनी हात पुढे नेला आणि झटक्यानं मागे घेतला. टोळीतलं कोणीतरी हसलं. या वेळी लोक रामहरीला हसत नव्हते.

"मग काय वडिलांचा शब्द मोडू?" अंगदराव चिडून म्हणाले.

"मोडू नका. वेशीच्या अलीकडं लिंबाखाली थांबा. इंजिन नुसतं हळू चालू ऱ्हाऊ द्या. पंखा निवंल. मग मारुतीपुढं या आन बंद करा."

"किती वेळ?"

सुग्रीवनं त्यांच्या हातातल्या अडकित्त्याकडे बघितलं. "एक सुपारी कातरून होईस्तोवर."

इतकं सोपं होतं ते. मित्रांनो, मी एवढी वर्षं त्याच पायरीसमोर तशीच बंद होत आले आणि मला काही झालं नाही, कारण माझ्या पोटात असा पंखाच नाही. माझी सवय त्यांनी धाकटीला लावली. खोट तिच्यात नव्हती, माझ्यात नव्हती आणि रामहरीत तर नव्हतीच.

 अंगदरावांनी सावकाश सुपारी काढली, कातरली आणि पहिलं खांड रामहरीपुढे धरलं.  रामहरीनं खांडाकडे बघितलं, पण हात काही पुढे केला नाही. मी मनात म्हटलं, घे रे बाबा! पण तो शहाणा निघाला.

"अण्णा, खांड मागून. चोर तुमी मला सगळ्यांपुढं म्हणला होता. आता सगळे हितंच हायत. मारुतीबी हाय."

 निवडणूक हरल्यावरही ज्यांची मान खाली गेली नव्हती, त्या अंगदरावांनी मारुतीच्या पायरीला हात लावला. "रामहरीनं तेल विकलं न्हाई," ते म्हणाले.  मग टोळीकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "रामहरी चोर न्हाई. मीच आंधळा झालतो."

तेव्हा रामहरीनं खांड घेतलं. तोंडात टाकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वत्सलाबाई ट्रॅक्टरवरून उतरली, आपलं गाठोडं ओढलं आणि कोणाला काही न विचारता माझ्या मागच्या सीटवर आणून टाकलं. इतकं हलकं ओझं मी कधी वाहिलं नव्हतं.

आता धाकटी रोज लिंबाखाली थांबते. तिचं इंजिन हळू गुणगुणत असतं आणि आत रामहरी आणि अंगदराव सुपारी कातरत बसलेले असतात. त्या तेवढ्या वेळात ते काय बोलतात कोण जाणे. मला ऐकू येत नाही, म्हणून थोडी शंका येते. सवय कुठे जाते?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या दारात माझ्यासारखी सावकाश गाडी असेल किंवा धाकटीसारखी वाऱ्याची. दोघींना एकच माप लावू नका. कोणाला काय सोसतं ते आधी विचारा. आणि एखाद्याचा संशय आलाच, तर तापलेल्या डोक्यानं लगेच किल्ली फिरवू नका. एक सुपारी कातरून होईल एवढं थांबा. मला अभिमन्यू पुढच्या वर्षी भंगारात देणार, असं म्हणतात. खरं-खोटं मारुतीला ठाऊक. पण काल रामहरी शेडमध्ये आला होता, आणि जाताना माझ्या सीटखाली डबा भरून ठेवून गेला आहे.